इंजिन तापते आहे? आधी ते केव्हा तापते ते पाहा

तापणारी गाडी दुरुस्तीला गेली की आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलतात, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. पैसे जातात, पण तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात. अंदाजाने भाग बदलत बसण्याऐवजी दोन गोष्टी विचारा: गाडी केव्हा तापते आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) कमी होते का? निम्मे निदान तिथेच होते.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा. हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता ओढून घेतो. तरी काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. थोडेच अंतर उरले आहे म्हणून चालवत नेले, तर पाचशे रुपयांचा होज (रबरी नळी) वाचवताना इंजिनाचे हेड (वरचा भाग) वाकडे होते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका आणि रेडिएटरच्या किंवा कूलंट टाकीच्या झाकणाला हात लावू नका. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, पण बंद यंत्रणेत झाकण सुमारे १ बार दाब धरून ठेवते आणि उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण फिरवले की दाब उतरतो आणि आतले पाणी त्याच क्षणी उसळून अंगावर येते. निदान पाऊण तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज हाताला गार लागला पाहिजे.

गार इंजिनावर पहिले काम म्हणजे कूलंटची पातळी. टाकीत दिसते म्हणून समाधान मानू नका. रेडिएटरला वेगळे झाकण असेल तर तेही उघडून पाहा. झाकण किंवा त्याची नळी खराब असेल, तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेही होते. झाकणाचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग ढिली असेल तर बदला. नव्या झाकणावर छापलेला दाबाचा आकडा (०.९, १.१, १.४ बार) जुन्याइतकाच असावा.

पातळी कमी असेल तर आधी गळती शोधा. होजचे जोड, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड, वॉटर पंपाखालचे छोटे भोक, पुढच्या सीटसमोरचा, पायाखालचा गालिचा. गालिचा ओला, काचेवर आतून चिकट धुके आणि गोडसर वास, म्हणजे हीटर कोअर गळतो आहे. पंपाच्या भोकातून कूलंटचा ओघळ किंवा वाळलेले रंगीत डाग दिसले तर पंपाचे सील गेले. डोळ्यांना काही दिसत नसेल तर झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती शोधणारा हातपंप) लावा. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप करा आणि १५ मिनिटे पाहा. टेस्टरचा काटा उतरला पण बाहेर थेंबही नाही, तर कूलंट बहुधा इंजिनाच्या आत जाते आहे. त्याकडे पुढे येऊ.

पातळी ठीक असेल, तर गाडी केव्हा तापते ते पाहा.

ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो: संशय पंख्यावर. वेगात हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभ्या गाडीत ती ओढायला पंखा लागतो. एसी चालू करा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. फिरला नाही तर फ्यूज पाहा, मग रिलेच्या (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी शेजारचा तसाच रिले लावून पाहा, मग मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. (दोन वायरींच्या साध्या मोटरलाच. कंट्रोल मॉड्यूलवर चालणाऱ्या पंख्याला असे देऊ नका.) थेट वीज देऊन मोटर फिरली तर दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये. एसीवर पंखा फिरतो पण तापमान १०० अंशांच्या पुढे गेले तरी आपणहून सुरू होत नाही, तर तापमान सेन्सर तपासा. हात लांब ठेवा, चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

महामार्गावर किंवा घाटात तापते, शहरात नाही: पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारा. तिथे बसलेली धूळ आणि कीटक समोरून दिसत नाहीत. धुवायचे ते इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने. जोरात मारले तर पात्या दबतात. आतून क्षार साचले असतील तर गरम रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, मधेच गार पट्टे सापडतील. मग इंजिन मिनिटाला २५०० ते ३००० फेऱ्यांवर धरून खालचा होज पाहा. तो चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजली आहे किंवा रबर मऊ पडले आहे. बरेच जण हा होज बघतच नाहीत.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. इंजिन गरम, वरचा होज गरम, पण खालचा होज गारच, हे त्याचे लक्षण. काढून दोऱ्याला टांगून पाण्यात तापवा, भांड्याच्या तळाला लागू देऊ नका. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या अंशाला तो उघडू लागायला हवा. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. इंजिन गरमच होत नाही आणि इंधन जास्त जाते.

हीटरमधून गार हवा येते पण काटा वर: पातळी कमी, हवा अडकलेली किंवा वॉटर पंपातला पाणी ढकलणारा पंखा त्याच्या शाफ्टवर सैल. कूलंट बदलल्यावर ही तक्रार आली तर बहुधा हवाच अडकली असते. पुढची बाजू उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा.

आता आत जाणाऱ्या कूलंटबद्दल. गार इंजिनावर झाकण उघडून काठोकाठ भरा, सुरू करा. थोडे बुडबुडे आधी येतातच; पण ते थांबतच नाहीत, किंवा झाकण लावून गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा घट्ट होतो, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेली आहे. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टचे निळे द्रव वापरा, ते या वायूने पिवळसर होते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ असेल तरी बहुधा हेड गॅस्केटच. मात्र फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरा लगदा आणि गार सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ, यावरून गॅस्केट गेली असे ठरवू नका. छोट्या फेऱ्यांत ओलावा साचतोच.

डॅशबोर्डच्या काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो ठरावीक पट्ट्यात मध्यभागी अडकवून ठेवलेला असतो, आणि पाणी सेन्सरच्या खाली गेले तर तो खालीही येतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) लावून खरे तापमान वाचा.

हेड काढावेच लागले, तर नवी गॅस्केट बसवण्यापूर्वी सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) हेड सपाट आहे का ते मोजून घ्या. वाकलेल्या हेडवर बसवलेली गॅस्केट पुन्हा जाते.