गुन्हा दाखल झाल्यावर काय करावे : कलमे समजून घेणे आणि वकील कधी गाठावा

उसाच्या बांधावरून भावकीत कुरबूर होते, शब्दाने शब्द वाढतो, काठ्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी सांगते की तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फौजदारी कायद्याशी पहिली गाठ बऱ्याच जणांची अशीच पडते. मग माणूस घाबरून गाव सोडतो, किंवा एखाद्या पुढाऱ्याला सोबत घेऊन ठाण्यात जातो आणि विचारतील ते सांगून येतो. या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. वकील केवळ कोर्टात उभे राहण्यासाठी असतो, हा समज मोठे नुकसान करतो. कारण प्रकरणाला वळण लागते ते पहिल्या काही दिवसांत, ठाण्यात आणि दवाखान्यात.

आधी कलम कोणते ते पाहावे

पहिले काम म्हणजे एफआयआरची प्रत मिळवणे. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र प्रत्येक तक्रारीचा एफआयआर होत नाही. गुन्हा अदखलपात्र असेल तर ठाण्यात फक्त एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. गावात अजून ‘तीनशे सात लागलं’ असे म्हणतात. खुनाच्या प्रयत्नाचे ते कलम आता १०९ आहे. त्या तारखेपूर्वीच्या घटनेला मात्र जुनीच कलमे लागतात.

बांधावरच्या भांडणाचेच उदाहरण घेऊ. हाताने मारून साधी दुखापत झाली तर कलम ११५(२) लागते. ते अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. हाड मोडले किंवा दात पडला तर दुखापत ‘गंभीर’ ठरते आणि कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तीच गंभीर दुखापत कोयत्यासारख्या हत्याराने झाली तर कलम ११८(२) लागते, ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि जामीन हक्काने मिळत नाही. म्हणजे एकाच भांडणाचे स्वरूप वैद्यकीय दाखल्यातील एका ओळीवर बदलते. आपल्यालाही मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी आणि आपली तक्रारही नोंदवावी. चार दिवसांनी दिलेल्या तक्रारीकडे ती बनाव आहे असेच पाहिले जाते.

कलम ३(५) दिसले तर अधिक सावध व्हावे. समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्यामुळे सर्वांवर सारखी येते, आणि भांडणाच्या फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे येणे आपल्याकडे नवीन नाही.

वकील कोणत्या टप्प्यावर लागतो

एन.सी. असेल तर एकदा सल्ला घेणे पुरेसे असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यातील कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस आली तर हजर राहण्याच्या तारखेपूर्वीच वकिलाला भेटावे. या नोटिशीचे पालन करणाऱ्याला पोलीस कारणे नोंदवल्याशिवाय अटक करू शकत नाहीत; टाळणाऱ्याला मात्र अटक होऊ शकते. जबाब देताना स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती होऊ शकत नाही. हा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कलम अजामीनपात्र असेल तर एक दिवसही दवडू नये. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने दोन्ही जिल्ह्यांतील लोकांची मुंबईची खेप वाचली आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्ह्यात मात्र कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन साधारणपणे मिळत नाही.

अटक झालीच तर अटकेची कारणे कळण्याचा, नातेवाइकांना कळवले जाण्याचा आणि पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते. पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या मागणीवरील सुनावणीच्या, वेळी वकील हजर असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पोलीस कोठडी हवीच कशाला, हा प्रश्न तिथेच विचारता येतो. पुढे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज केला नाही तर तो हक्क हातून जातो.

‘कबूल कर आणि मोकळा हो’ हा सल्ला

किरकोळ प्रकरणात पोराला हमखास सांगितले जाते की कोर्टात गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. या भागातील किती तरी मुले पहाटे उठून सैन्य आणि पोलीस भरतीसाठी धावतात. त्यांच्यासाठी हा सल्ला घातक आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी, मग दंड पाचशे रुपये का असेना, आणि ती चारित्र्य पडताळणीत दिसते. अर्जात ती लपवली तर निवडही रद्द होऊ शकते. याउलट कलम ११५(२) सारख्या गुन्ह्यात जखमी व्यक्तीशी रीतसर तडजोड झाली तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. घरी बसून मिटवलेले भांडण आणि न्यायालयात नोंदवलेली तडजोड या वेगळ्या गोष्टी आहेत. एवढा फरक समजण्यासाठी वकिलाची एक फी देणे मुलाच्या आयुष्याच्या मानाने काहीच नाही.

वकील निवडताना

दिवाणी दावे चालवणारा ओळखीचा वकील जवळचा वाटतो, पण नियमित फौजदारी काम करणाराच गाठावा. फी जामीन, सुनावणी आणि अपील अशा टप्प्यांनुसार आधी ठरवावी आणि पावती घ्यावी. भावाभावांची बाजू परस्परविरोधी असेल तर सर्वांनी एकच वकील देऊ नये. पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक जण उत्पन्न न पाहता मोफत वकिलास पात्र आहे. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते.

भेटीला जाताना एफआयआर, नोटीस, दवाखान्याचे कागद, सातबारा आणि मोजणीचा नकाशा न्यावा. घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो असे म्हणणे असेल तर तिथल्या दुकानाच्या किंवा कारखान्याच्या गेटवरच्या सीसीटीव्ही चित्रणाबद्दल वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे, कारण ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते.