गेट जसं दिसेल तसं ठेवा

"काकू, इथे माणसं आहेत तरी कुठे?" गेल्या महिन्यात शेजारच्या गावात नाशिककडचं एक जोडपं राहायला आलं, त्यातल्या मुलीचा हा पहिला प्रश्न. ती नर्स, तो घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा. ऑक्टोबर 1981 मध्ये इंग्लंडातल्या दक्षिण श्रॉपशरमधल्या आमच्या गावात उतरले तेव्हा मीही नवऱ्याला हेच विचारलं होतं. तो डॉक्टर. इथल्या डॉक्टरांना जिथे जायचं नसे, तिथल्या जागा त्या काळी आपल्याकडच्या डॉक्टरांना मिळत. खाणीची गावं, गिरण्यांची गावं, नाहीतर आमच्यासारखी वेल्सच्या सीमेला टेकलेली साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती. लंडन, लेस्टरला येणाऱ्यांना चार गोष्टी सांगायला पुष्कळ जण आहेत. खेड्यात येणाऱ्यांना फार कोणी नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी रॉकेलाचं सांगते, कारण ते संपलं की बाकीचं काही सुचत नाही. आमच्याकडे गॅसची पाइपलाइन नाही. घर तापतं ते परसातल्या टाकीतल्या हीटिंग ऑइलवर, आणि हीटिंग ऑइल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं रॉकेलच. कऱ्हाडला रेशनच्या रांगेत पाच लिटरच्या डब्यासाठी तासतास उभी राहिलेली मी, इथे टँकरवाल्याने टाकीत हजार लिटर ओतलं तेव्हा बघतच राहिले. पुरवठादार बहुधा पाचशे लिटरच्या खाली आणत नाहीत. म्हणून गावातली घरं मिळून मागणी नोंदवतात, भावही थोडा उतरतो. टाकीतली पातळी दर आठवड्याला बघा. डिसेंबरात बर्फ पडल्यावर फोन केलात तर आठ-दहा दिवस कोटातच झोपाल. सांडपाणी जातं सेप्टिक टँकमध्ये, तेव्हा तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. एका दिवाळीनंतर आमचा टँक तुंबला. तो उपसायला आलेल्या माणसाने काय विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिला हिवाळा माझ्या अजून हाडांत आहे. 10 जानेवारी 1982 ला आमच्याच श्रॉपशरात, पण पार दुसऱ्या टोकाला, एज्मंड गावी उणे 26.1 अंश नोंदले गेले. इंग्लंडमधला तो नीचांक अजून मोडलेला नाही. आम्हाला हे मागून कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की नळ गोठलाय, रस्ता कुठे होता ते दिसत नाही, आणि नवरा दोन रात्री एका पेशंटच्या घरी अडकलाय. मी ट्रंकेतून आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढली आणि स्वयंपाकघरातल्या पाइपाला गुंडाळली. दुपारी शेजारच्या शेतावरच्या बाई नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर उभ्याने आल्या, हातात दुधाचा कॅन. त्यांनी पाइपाकडे पाहिलं. गोधडीचे टाके बोटांनी चाचपले. मग एक अक्षर न बोलता ती सोडवून माझ्या खांद्यावर टाकली आणि पाइपाला गोणपाट बांधलं. चहा घेताना मात्र चांगल्याच रागावल्या. दोन दिवस पाणी नाही, आणि तू आमचं दार वाजवलं नाहीस? मग उद्या मला अंडी कमी पडली तर मी कोणत्या तोंडाने तुझ्याकडे येऊ?

मला वाटत होतं, कोणाला त्रास न देणं म्हणजे चांगला शेजार. शहरात असेलही. इथे ज्याने कधी काही मागितलं नाही, त्याच्याकडे कोणी मागायला येत नाही, आणि मग तो वीस वर्षं राहूनही भाडेकरूच राहतो. तेव्हा आल्याआल्या काहीतरी मागा. शिडी मागा, बॅटरीची जंपर केबल मागा, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते विचारा. वस्तू परत करताना रिकाम्या हाताने जाऊ नका. हा आपला नियम मी बाईंना शिकवला आणि त्यांना तो इतका पटला, की माझा स्टीलचा डबा त्यांच्याकडून एकदाही रिकामा आला नाही.

आता बोलण्याचं. इथले शेतकरी शब्द जपून वापरतात. 'नॉट टू बॅड' म्हणजे उत्तम चाललंय. 'अ बिट फ्रेश' म्हणजे बाहेर मरणाची थंडी आहे. दुपारच्या जेवणाला जुनी माणसं 'डिनर' म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी', म्हणून 'टी'ला बोलावलं तर घरून जेवून जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा पोटभर पिठलंभात खाऊन गेलो होतो, आणि समोर आलं अख्ख्या कोंबडीचं ताट. 'कधीतरी चहाला या' हे मात्र आमंत्रण नव्हे. वार आणि वेळ सांगितली तरच जायचं.

पायवाटा ही इथली खरी श्रीमंती. पिवळा बाण दिसला की पायी जायची वाट, निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी वेष्टनाचा, एकास पंचवीस हजार प्रमाणाचा नकाशा घरात असू द्या, कारण दरीत फोनला रेंज नसते. वाट कोणाच्या शेतातून जाते, कधी थेट खळ्यातून जाते, आणि तुम्हाला तिथून जायचा कायदेशीर हक्क आहे. पण वाट तुमची, शेत त्याचं. गेट जसं दिसेल तसं ठेवायचं. बंद असेल तर मागे बंद करा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. पहिल्या वसंतात मी एक सताड उघडं गेट पुण्यकर्म म्हणून बंद करून आले. पलीकडे मेंढ्यांच्या पाण्याचं डोण होतं. दुसऱ्या दिवशी शेतकरी एवढंच म्हणाला, "ते गेट उघडं होतं." त्याहून मोठा ओरडा मी या देशात खाल्लेला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या विणीला येतात आणि शेजारी प्रेमाने कोकरं बघायला बोलावतात. जरूर जा, पण दिवस गेले असतील तर लांब राहा, आणि अशा वेळी मेंढीच्या घरातून आलेले कपडेही घरात आणू देऊ नका. व्यायलेल्या मेंढ्यांकडून लागणाऱ्या काही रोगांनी पोटातल्या बाळाला धोका असतो. शेतकऱ्यांच्या बायकाही हे पाळतात, त्यामुळे कोणाला वाईट वाटणार नाही.

गाडीचं थोडक्यात. भारतातल्या लायसन्सवर बारा महिने चालवता येते, तेवढ्यात इथली परीक्षा द्या, आणि रिव्हर्स शिका. दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं, मध्ये एका गाडीपुरता रस्ता, समोरून ट्रॅक्टर. ज्याच्या मागे जागा जवळ असेल त्याने मागे जायचं, आणि दुसऱ्याने हात वर करायचा. हात वर न करणारा माणूस गावात आठवडाभर चर्चेत राहतो. घोडा दिसला तर ताशी दहा मैलांच्या आत, दोन मीटर अंतर ठेवून.

लोक रंग बघतात का? हेही त्या मुलीने विचारलं, जरा चाचरत. मी गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे वीस वर्षांहून जास्त बसले, त्यामुळे मला माहीत आहे. बहुतेक जण नवेपणा बघत. शेजारच्या परगण्यातून आलेलाही इथे 'बाहेरचा'च. पण एक गृहस्थ असे होते, की मी खिडकीत असले तर आठ मैलांवरच्या पोस्टात जात. त्यांनी मला कधी वेडंवाकडं बोललं नाही आणि माझ्या हातून कधी एक तिकीटही घेतलं नाही. शेवटपर्यंत. अशा माणसाचं मन जिंकायच्या भानगडीत पडू नका, त्यात आयुष्य जातं. कामाच्या ठिकाणी कोणी बोलला तर मात्र लिहून ठेवा, तारखेसकट, आणि तक्रार करा. माझ्या नवऱ्याने गप्प बसून काढलं, ते मला आवडलं नव्हतं.

उलटही झालं. पेन्शनचं पुस्तक घेऊन येणारे एक आजोबा पहिल्याच भेटीत म्हणाले, "मराठा?" माझं आडनाव वाचून नव्हे, मी कुठली ते विचारून. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते आणि मराठा पलटणीची माणसं त्यांनी पाहिली होती. रायगड जिल्ह्यातल्या यशवंत घाडगेंना 1944 च्या जुलैत तिथेच वीरमरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मला त्यानंतर वाचून कळलं. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी गावातल्या स्मारकाच्या क्रॉसपाशी सगळे जमतात. तुम्हीही त्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल कोटाला लावून जा. तिथे आपण पाहुणे नसतो. चर्चमध्ये सुगीच्या उत्सवाला, नाताळच्या गाण्यांना जायलाही हरकत नाही, कोणी बाप्तिस्मा देत नाही. मी तर फुलांच्या पाळीत आहे. आता व्हिकर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, सहा गावांत मिळून एक, महिन्यातून एकदा येतो, फुलं मात्र दर रविवारी बदलतात.

2001 बद्दल तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. गुरांची लाळ्या-खुरकुताची साथ आली. देशभर साठ लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यातली कितीतरी निरोगी, केवळ शेजारच्या शेतात रोग निघाला म्हणून. पायवाटा बंद, सार्वत्रिक निवडणूकही मेवरून जूनवर गेली. शेतांच्या तोंडाशी जंतुनाशकात भिजवलेलं गवत अंथरलेलं असे. बाईंचा कळप एका सकाळी गेला. कोकरंसुद्धा. आत जाता येत नव्हतं, म्हणून मी खिचडीचा डबा गेटच्या खांबावर ठेवून यायचे. एप्रिलचा महिना, आणि डोंगरावर एकही मेंढी ओरडत नाही. त्या शांततेने लोक रात्री उठून बसत. तीन आठवड्यांनी खांबावर माझा डबा होता, फिनेलसारखा वास येणारा, आत सहा अंडी. कोंबड्यांना तो रोग होत नाही. त्यामुळे कोणी म्हातारा शेतकरी तुमच्या कुत्र्यावर किंवा बुटांच्या चिखलावर खेकसला, तर लगेच रागावू नका.

बदल विचाराल तर पुष्कळ. 1994 मध्ये दूध खरेदी करणारं मिल्क मार्केटिंग बोर्ड गेलं आणि मागोमाग आमच्या दरीतले छोटे गोठे एकेक करून बंद झाले. सहा माणसं गवत कापायची तिथे आता एक मुलगा हेडफोन लावून यंत्र चालवतो. मजुरांची घरं सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने जातात, जानेवारीत त्यांच्या खिडक्या काळ्या असतात. माझं पोस्ट 2008 मध्ये बंद झालं, त्या लाटेत देशात अडीच हजारांच्या आसपास बंद झाली. लाल टेलिफोन बूथ ग्रामसभेने एका पौंडाला विकत घेतला, आत बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने चालू करायचं यंत्र ठेवलंय. ते वापरायचं शिक्षण हॉलमध्ये होतं, नाव नोंदवा. तांब्याच्या तारांवरचे जुने फोन जानेवारी 2027 पर्यंत जायचे आहेत. नवे इंटरनेटवर चालतात, म्हणजे वीज गेली की मुके. तुम्ही एकट्या म्हाताऱ्यांकडे कामाला जात असाल तर त्यांच्या गळ्यातल्या आपत्कालीन बटणाला बॅटरीचा आधार आहे का ते बघा.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांवर बाई हसायच्या. त्या म्हणत, अशांना जानेवारीत बर्फाच्या पाण्याने दुधाचे कॅन धुवायला लावा. 1947 चा हिवाळा त्यांनी नवी सून म्हणून काढला होता. मला हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. गुरुवारी पेन्शनच्या रांगेत कोण आलं नाही ते मला दिसायचं, आणि दुपारपर्यंत कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यायचं. बँकेत परस्पर जमा होणाऱ्या पैशाला हे कळत नाही.

खाण्यापिण्याची आबाळ आता होत नाही. आम्ही महिन्यातून एकदा वुल्वरहॅम्प्टनला जाऊन डाळी आणि हिंग आणायचो. गावच्या दुकानात पुडिंगसाठी रवा मिळे, त्यावर उपम्याचे दिवस काढले. आता सगळं घरपोच येतं. पण दारात जे येतं ते सोडू नका. एप्रिलमध्ये ओढ्याकाठी रानलसूण माजते. पानं चुरगाळून लसणीचा वास येतो याची खात्री करा, तिच्यातच विषारी पानं उगवतात. चटणी काय होते म्हणून सांगू! आणि जुलै-ऑगस्टमध्ये लाँग मिंड आणि स्टिपरस्टोन्सच्या माथ्यावर विंबेरी पिकतात. पुस्तकात बिलबेरी, पण तसं म्हणालात तर बाहेरचे ठराल. करवंदाएवढीही नाहीत, जीभ मात्र जांभळासारखी होते. बाईंच्या लहानपणी विंबेरी विकून पोरांच्या हिवाळ्याच्या बुटांचे पैसे निघत. कुठे दाट असतात ते त्या कोणाला सांगत नसत. 2014 मध्ये त्या गेल्या, त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी मला ती जागा दाखवली. मी ती इथे लिहिणार नाही.

नाशिकच्या मुलीला दाखवीन, अजून एकदोन हिवाळे जाऊ देत. सध्या तिने माझ्याकडून शिडी नेली आहे. आणि हो, पुढच्या गुरुवारी आमची रॉकेलाची मागणी जाते. दरीच्या अलीकडे राहत असाल तर बुधवारपर्यंत कळवा, पाचशे लिटर सांगू की हजार.