घरी बांधलेले डिस्टॉर्शन पेडल : जोडणी आणि दोषशोध

गिटारसाठी पहिलेच पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने चालवायची पेटी, बांधायचे असेल, तर ते डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज खरखरीत करणारे, असावे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्यात सुटे भाग थोडे लागतात, ९ व्होल्टची एक बॅटरी पुरते आणि चूक झाली तरी ती कोठे आहे हे कानानेच शोधता येते. एमएक्सआर कंपनीचे १९७० च्या दशकातले डिस्टॉर्शन प्लस हे पेडल ७४१ या साध्या ऑप-अँपवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीवर, चालत असे. येथे तीच रचना घेतली आहे, कारण ७४१ आयसी आणि १एन४१४८ डायोड हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माल पुरवणाऱ्या कोल्हापुरातल्या दुकानांत सहज मिळतात. नऊ पायांचा फूटस्विच मात्र मिळाला नाही, तर तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा.

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल साधारणपणे काहीशे मिलिव्होल्टचा असतो. ऑप-अँप तो कमीत कमी तिप्पट आणि जास्तीत जास्त दोनशेपट वाढवतो, आणि पुढे ग्राउंडकडे उलटसुलट जोडलेले दोन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास त्याची वरची व खालची टोके छाटून टाकतात. ही छाटलेली लहर म्हणजेच आपल्याला हवा असलेला खरखरीत, भरलेला आवाज.

जोडणी झिरो पीसीबीवर, म्हणजे भोके असलेल्या तयार बोर्डावर, करावी आणि आयसीसाठी आठ पायांचे सॉकेट अवश्य बसवावे, म्हणजे पुढे ७४१ काढून त्याच जागी कमी खरखर करणारा टीएल०७१ लावून पाहता येतो. इनपुट जॅकच्या टिपवरून, म्हणजे प्लगच्या टोकाला लागणाऱ्या पट्टीवरून, १०३ क्रमांकाचा (हा अंगावर छापलेला संकेतांक) कपॅसिटर आणि त्यापुढे १० के, म्हणजे दहा हजार ओहमचा, रेझिस्टर घेऊन सिग्नल आयसीच्या पाय ३ ला द्यावा. टिप आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०२ क्रमांकाचा कपॅसिटर ठेवावा, नाहीतर कधीकधी पेडलमधून रेडिओ ऐकू येतो. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १ मेगाचे, म्हणजे दहा लाख ओहमचे, दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून मध्यबिंदूवर साडेचार व्होल्ट तयार करावेत, तो बिंदू १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ग्राउंडला बांधावा आणि तेथून आणखी एका १ मेगाने पाय ३ ला आधार द्यावा. पाय ६ आणि पाय २ यांच्यामध्ये १ मेगा येतो. पाय २ पासून ४७३ क्रमांकाचा कपॅसिटर, ४.७ के रेझिस्टर आणि ५०० के पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) अशी साखळी ग्राउंडपर्यंत जाते. पाय ७ ला अधिक ९ व्होल्ट आणि पाय ४ ला ग्राउंड द्यावे. पाय ६ वरून १ मायक्रोफॅरड, धन बाजू आयसीकडे ठेवून, नंतर १० के, मग ग्राउंडकडे जाणारे दोन डायोड, त्यांच्यासोबत आणखी एक १०२, आणि शेवटी ४७ के व्हॉल्यूम पॉट, एवढेच हे सर्किट आहे. फूटस्विच पहिल्या चाचणीत लावूच नये. आधी सर्किट बोलू द्यावे.

पेटी ॲल्युमिनियमचीच हवी, कारण धातूची पेटी ग्राउंडला जोडली की बाहेरचा गुणगुणाट आत येत नाही. ओतकामाचे शहर असलेल्या कोल्हापुरात ही अडचण नाही. उद्यमनगरात पत्रा वाकवून आणि भोके पाडून देणाऱ्या कार्यशाळा आहेत. पेटी रंगवली, तर जॅक बसतो तेथील रंग आतून खरवडून काढावा.

आता दोषशोध. आवाज आला नाही की सगळे सांधे पुन्हा तापवत बसण्याची सवय अतिशय घातक आहे. त्यात चांगले सांधे बिघडतात आणि मूळ दोष तसाच राहतो. आधी मल्टीमीटर घ्यावा. पाय ७ वर ९ व्होल्ट नसतील, तर इनपुट जॅकमध्ये प्लग घातला आहे का ते पाहावे, कारण बॅटरी वाचवण्यासाठी तिचे ऋण टोक स्टिरिओ जॅकच्या रिंगला जोडलेले असल्यास प्लगशिवाय सर्किट सुरूच होत नाही. पाय ६ वर साडेचारच्या आसपास व्होल्ट मिळाले पाहिजेत. तेथे आठ किंवा दोन असे काही दिसले, तर पाय ३ चा १ मेगा किंवा पाय २ आणि ६ मधला १ मेगा यांपैकी एक तुटक आहे असे समजावे. पाय ३ वरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. स्वस्त पिवळ्या मल्टीमीटरचा अंतर्गत रोध बहुधा १ मेगाच असतो, त्यामुळे निर्दोष सर्किटमध्येही तेथे दोनपेक्षा कमी व्होल्ट दिसतात. या एका आकड्यापायी मी दोन चांगले आयसी फेकून दिले होते.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज नसेल, तर सिग्नलचा माग काढावा. ॲम्प्लिफायरच्या केबलच्या टिपला १०४ क्रमांकाचा कपॅसिटर जोडावा, तिच्या आतल्या वायरीभोवतीची जाळी सर्किटच्या ग्राउंडला लावावी आणि इनपुटला मोबाइलवरून एखादे गाणे सोडावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवून कपॅसिटरचे मोकळे टोक प्रथम जॅकच्या टिपवर, मग १०३ च्या पुढे, पाय ३ वर, पाय ६ वर आणि डायोडवर क्रमाने टेकवावे. पाय ६ वर आवाज एकदम मोठा झाला पाहिजे आणि डायोडवर तो लहान पण फाटलेला ऐकू आला पाहिजे. जेथे आवाज नाहीसा होतो, त्या बिंदूच्या आणि त्याआधीच्या बिंदूच्या मध्येच दोष असतो. बहुतेक वेळा ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, किंवा दोन पट्ट्या जोडणारा सोल्डरचा थेंब निघतो.

बॅटरीवर शांत असलेले पेडल अडॅप्टरवर गुणगुणत असेल, तर अधिक वायरमध्ये १०० ओहम आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावावा. व्हॉल्यूम फिरवताना कर्र आवाज येत असेल, तर पाय ६ नंतरचा कपॅसिटर गळत असण्याची शक्यता मोठी असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पॉटच्या पट्टीवरील ओलही तेवढीच कारणीभूत असू शकते, म्हणून आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहावा. आणि झाकण उघडे असताना उत्तम वाजणारे पेडल झाकण लावताच मुके झाले, तर आउटपुट जॅकची टिपची पट्टी पेटीला टेकत असते. जॅक थोडा फिरवून नट घट्ट करावा आणि झाकणाच्या आतून इन्शुलेशन टेपचा एक पट्टा लावावा.