सीटी स्कॅनला निघण्याआधी: डोळे, थायरॉइड आणि स्तन सांभाळण्यासाठी

सीटीच्या टेबलावर पेशंटला झोपवलं की नातेवाईक दारातून विचारतात, "ताई, किरणं फार लागतील का हो?" तोवर मशीन चालवणाऱ्या माझ्या हातात थोडंच उरलेलं असतं. डोस, म्हणजे अंगावर पडणाऱ्या किरणांचं प्रमाण, वाचवता येतो तो मुख्यतः घरून निघायच्या आधी.

म्हणून सगळ्यात आधी कपाटातली जुनी पिशवी काढा. फिल्म, सीडी, रिपोर्ट, असेल ते सगळं घ्या. एका मावशींचं पोटाचं सीटी आठ दिवसांपूर्वीच दुसरीकडे झालं होतं, पण सीडी गावी राहिली आणि आम्हाला पुन्हा करावं लागलं. मला ते आजही लागतं. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) मिळतात. पोटाच्या एका सीटीला साधारण ८ ते १० लागतात. गरजेचं सीटी या आकड्याला भिऊन टाळू नका. फुकट जातो तो दुसऱ्यांदा केलेला स्कॅन.

मग डॉक्टरांची चिठ्ठी वाचा. नुसतं 'सीटी पोट' लिहिलं असेल तर काय शोधायचंय तेही लिहून मागा. 'मुतखडा' असा शब्द असला की डाय (अवयव चित्रात उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) न देता, कमी डोसमध्ये काम भागतं. साधा स्कॅन, डाय दिल्यावरचा, नंतर पुन्हा उशिराचा, यातली प्रत्येक फेरी म्हणजे त्याच अवयवांवर पुन्हा किरण. सगळ्या फेऱ्या लागणार आहेत का आणि सोनोग्राफीने भागेल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. पाळी चुकली असेल तर तेही आधीच सांगा. सासूबाईंसमोर बोलायचा संकोच वाटला तर "मला एकटीला बोलायचंय" एवढंच म्हणा, बाकीच्यांना आम्ही बाहेर थांबवतो.

अंगावर धातू नको. डोक्याच्या सीटीला वेणीतले आकडे आणि कानातलं, मानेच्या आणि छातीच्या सीटीला मंगळसूत्र आणि हूकची ब्रा, पोटाला चेनची पँट अडते. धातूमुळे चित्रावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि कधी स्कॅन पुन्हा घ्यावा लागतो. मंगळसूत्र काढायला मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे. घरून निघतानाच ते विश्वासाच्या माणसाकडे द्या.

छाती किंवा पोटाचं सीटी असेल तर दोन्ही हात डोक्यावर घ्यावे लागतात. हात अंगालगत राहिले तर तेवढी जाडी भेदायला मशीन आपोआप किरण वाढवतं. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, उशी लावून मार्ग निघतो. श्वास रोखून धरायचा सराव घरी करा. दहा-पंधरा सेकंद जमले तरी पुरे. टेबल वर-खाली करत आम्ही लेझरची रेघ जुळवतो, त्या वेळी हलू नका. शरीर गँट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, बरोबर मध्यावर नसेल तर मशीनचा अंदाज चुकतो आणि स्तन, थायरॉइड अशा वरवरच्या अवयवांना नको तेवढा डोस पडू शकतो. लोकांना काळजी असते ती बहुतेक बीजग्रंथींची, म्हणजे अंडाशय आणि वृषणांची. पण आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने २००७ साली त्यांचा भारांक (किरणांच्या एकूण धोक्यातला त्या अवयवाचा वाटा) ०.२० वरून ०.०८ वर आणला आणि स्तनांचा ०.०५ वरून ०.१२ वर नेला. तरुण मुलीच्या छातीचं सीटी असलं की मी म्हणूनच जास्त वेळ घेते.

लहान मूल असेल तर आणखी जपा. पडल्यावर डॉक्टर "काही तास लक्ष ठेवू" म्हणाले, तर सीटीचा हट्ट धरू नका. सीटी ठरलंच तर बाळाला त्याआधी झोपू देऊ नका, म्हणजे टेबलावर झोप लागेल. घरची दुपटी आणा. घट्ट गुंडाळलेलं बाळ कमी हलतं. भूल द्यायची असेल तर दूध कधी बंद करायचं ते विचारून ठेवा. मेंदूच्या स्कॅनला आम्ही हनुवटी छातीकडे झुकवतो, ती तशीच राहू द्या, कारण त्यामुळे डोळ्यांची भिंगं झोताबाहेर राहू शकतात. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असलेल्या मुलांचे स्कॅन पुन्हा पुन्हा होतात आणि डोळ्यांवरचा डोस साठत जातो. दर वेळी "एमआरआय चालेल का?" हे विचाराच.

पेशंटवर शिशाचा अ‍ॅप्रन टाकायचा आग्रह धरू नका. बीजग्रंथींवर आणि गर्भावर असं आवरण घालणं थांबवावं, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. शरीराच्या आत विखुरणारे किरण त्याने अडत नाहीत, आणि आवरण झोतात आलं तर मशीन उलट किरण वाढवू शकतं. बाळाला धरायला आत थांबणाऱ्या आईने किंवा बाबांनी मात्र अ‍ॅप्रन घालायलाच हवा. गरोदर बाईने आत थांबू नये.

निघताना सीडीवर डोसचं पान आहे का ते विचारा. त्यावर डीएलपी नावाचा आकडा असतो, म्हणजे त्या स्कॅनमध्ये मशीनने एकूण किती किरणं दिली त्याचं माप. फाइलच्या पहिल्या पानावर तारीख, कुठल्या भागाचं सीटी आणि हा आकडा पेनाने लिहा, आणि ती फाइल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री धावपळीतही हाताला लागेल.