मास्ट्रिख्टमधलं एक सत्र

पुण्यात बी.ए. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका सत्रासाठी नेदरलँड्सला, मास्ट्रिख्ट विद्यापीठात गेले होते. विषय युरोपियन स्टडीज. जायच्या तयारीत असलेली मुलं-मुली अजूनही विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा विषय म्हणजे युरोपचा इतिहास-भूगोल, अशी समजूत असेल तर ती आधी सोडा. मुख्य अभ्यास युरोपियन युनियन चालते कशी याचा. ज्या करारातून युनियन उभी राहिली त्यावर ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झाल्या, त्या याच गावात.

संस्थांची नावं विमानात बसायच्या आधी पक्की करा. युरोपियन कौन्सिल म्हणजे सदस्य देशांचे प्रमुख. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे त्या देशांचे मंत्री. आणि कौन्सिल ऑफ युरोप ही स्ट्रासबुर्गमधली ४६ देशांची वेगळीच संघटना, ती युनियनचा भागच नाही. पहिल्या निबंधात मी युरोपियन मानवी हक्क न्यायालय युनियनच्या खात्यात टाकलं होतं. ते कौन्सिल ऑफ युरोपचं. निबंध लाल होऊन परत आला.

क्रेडिटचं काम घरूनच उरकून जा. सत्राला ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटं), आणि नेदरलँड्समध्ये एक ईसीटीएस म्हणजे २८ तासांचं काम. गुण दहापैकी, साडेपाचला पास. आठ मिळाले तर ते फार चांगले असतात, हे आपल्या कॉलेजला आधी समजावून सांगा आणि गुण कसे धरणार ते लेखी घ्या. मी तोंडी आश्वासनावर गेले आणि परतल्यावर दोन महिने खेटे घातले.

खरी परीक्षा ट्युटोरियलची. दहा-पंधरा जणांचा गट, मुलांपैकीच एक जण चर्चा चालवतो, दुसरा फळ्यावर मुद्दे लिहितो. प्रश्न सगळ्यांनी मिळून काढायचे, घरी वाचायचं, पुढच्या वेळी उत्तरं मांडायची. चर्चा भरकटली तरच शिक्षक तोंड उघडतात. सर सांगणार आणि आपण उतरवून घेणार, या सवयीमुळे मी तीन आठवडे गप्प होते.

तोंड उघडलं ते फुरेनमुळे. मास्ट्रिख्टहून सायकलने तासाभरात पोचता येतं, सीमेपलीकडे बेल्जियममध्ये. सहा गावं, डच आणि फ्रेंच भाषकांचा वाद. १९६३ साली ती फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिंबुर्गला जोडली. डच येतं की नाही याची चाचणी द्यायला नकार देणाऱ्या तिथल्या फ्रेंचभाषक महापौराच्या प्रकरणावरून १९८७ मध्ये बेल्जियमचं सरकार पडलं. रविवारी गेले तर एका गावाच्या पाटीवरचं फ्रेंच नाव रंग फासून खोडलेलं. मी सायकल धरून तिथेच उभी राहिले. माझं आजोळ बेळगावचं. दुकानांच्या पाट्यांवरून काय काय होतं, ते लहानपणापासून ऐकत आलेय.

पुढच्या ट्युटोरियलला मी भाषावार प्रांतरचना, १ मे १९६० आणि आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा मांडल्या. युनियनच्या अधिकृत भाषा २४. मग गटाने मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली: केंद्राने कुठे थांबायचं, हिंदी येत नसलेल्याचं काय होतं, सीमाभागातल्या शाळा कुठल्या भाषेत. अर्ध्या प्रश्नांना मला नीट उत्तर देता आलं नाही, त्या रात्री मी संविधानातली सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्यांमधली अधिकारांची वाटणी, उघडून बसले. तुम्ही ती इथूनच वाचून जा, राज्य पुनर्रचनेच्या इतिहासासकट.