जुनं पेट्रोल इंजिन ओळखताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

वेल्डिंग सेट, काँप्रेसर, पंप, गवताचे गठ्ठे बांधणारा बेलर अशा यंत्रांवरची जुनी पेट्रोल इंजिनं भंगारातून बाहेर येतात तेव्हा गंजलेली, जाम झालेली असतात, पण बरीचशी दुरुस्त होण्याजोगी असतात. त्यांची खरी वाट लागते ती पुढच्या काही दिवसांत, नव्या मालकाच्या उत्साहापायी. पाना चालवायची घाई झालेली असते आणि समोर नेमकं कुठलं इंजिन आहे हेच अजून ठरलेलं नसतं.

यंत्राची पाटी म्हणजे इंजिनची पाटी नव्हे

कारखानदार इंजिनं बहुधा दुसऱ्याकडून घेत. लिंकन कंपनीच्या एसए-२०० या वेल्डिंग सेटवर बरीच वर्षं काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीचं एफ-१६२ इंजिन असायचं. यंत्रावरचं नाव वाचून 'लिंकनचं इंजिन' शोधत बसलात तर पार्ट मिळणार कसे? इंजिनच्या अंगावरची वेगळी पाटी शोधा.

दुसरा घोटाळा आकड्यांचा. ब्लॉकवर उठून दिसणारा, ओतकामातच आलेला आकडा हा कास्टिंग नंबर. एकाच साच्यातल्या ओतकामापासून वेगवेगळी मॉडेलं बनत, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून पिस्टन मागवू नका. सीरियल नंबर पंचाने ठोकलेला असतो. विस्कॉन्सिन कंपनीच्या इंजिनच्या पाटीवर मॉडेल आणि सीरियलसोबत स्पेसिफिकेशन नंबरही असतो आणि पार्ट मागवताना तो सांगावाच लागतो. मॉडेल एकच असलं तरी कार्ब्युरेटर, मॅग्नेटो (चुंबकाच्या जोरावर ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) किंवा बाहेर येणारा शाफ्ट वेगळा असू शकतो.

पाटीवर तेलकट मळाचे थर असतील तर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. कोरीव अक्षरं उथळ असतात, दोन हात मारले की गेली. रॉकेलात भिजवलेलं सुती फडकं दाबून ठेवा, मऊ झालेला मळ बोटाने काढा, मग खडू घासून बॅटरीचा उजेड बाजूने, तिरका टाका. ठोकलेले आकडे वर येतात.

पाटीच नसेल तर मोजमाप आहेच. सिलिंडरचा व्यास गुणिले व्यास, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर), गुणिले सिलिंडरची संख्या. एफ-१६२ चा व्यास ३ ७/१६ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच. चार सिलिंडरचे मिळून सुमारे १६२ घनइंच होतात. मॉडेलमधला आकडा तोच आहे. मात्र आधी कोणी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकले असतील तर उत्तर थोडं जास्त येईल, हे लक्षात असू द्या.

जाम इंजिनशी कुस्ती

इंजिन फिरवायच्या हँडलला लांब पाइप लावून जोर काढणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा उडतात. आधी अडलंय काय ते पाहा. स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) अडकलेलं असू शकतं, क्लच किंवा पुढे जोडलेलं यंत्रही गंजलेलं असू शकतं. ते सोडवल्यावरही फ्लायव्हील हलत नसेल तर मगच पिस्टनवर संशय घ्या.

हेड काढल्यावर पिस्टनवर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात ओता आणि विसरून जा. अ‍ॅसिटोन उडून जातं, म्हणून अधूनमधून पुन्हा ओतावं लागतं. जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. नंतर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या, पण ते मधल्या उंचीवर असलेल्या पिस्टनवरच. अगदी वर किंवा अगदी खाली असलेल्या पिस्टनला ठोकून क्रँक फिरत नाही, सगळा मार बेअरिंगला बसतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. इंजिन सहज फिरतं पण काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही, म्हणून रिंगा गेल्या असं समजून लोक सगळं इंजिन खोलतात. साइड व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्ये असतात. ते उघडे अडकले तरी पिस्टनला लागत नाहीत, त्यामुळे खटका जाणवत नाही. टॅपेटचं (व्हॉल्व्ह खालून उचलणाऱ्या भागाचं) झाकण काढून हँडल फिरवा. कुठला व्हॉल्व्ह वरच राहतो ते डोळ्यांनी दिसतं.

करंट नाही? मॅग्नेटो लगेच फोडू नका

मॅग्नेटोमधल्या पॉइंटवर (उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) बसलेला गंजाचा पातळ थर हे नेहमीचं कारण. बारीक पॉलिश पेपर फिरवून वर कोरा कागद ओढला की बऱ्याचदा करंट येतो. नाही आला तर कंडेन्सर, मग कॉइल. जुन्या पोलादी चुंबकांचे मॅग्नेटो खोलताना रोटर बाहेर काढायचा असेल तर चुंबकावर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर चुंबकाचा जोर कमी होतो. इम्पल्स कपलिंग (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देऊन ठिणगी उशिरा पाडणारा स्प्रिंगचा जोड) असेल तर हळू फिरवताना 'टक्' ऐकू यायला हवं. ते ऐकू येत नसेल तर कपलिंग मळाने चिकटलंय, आणि तसंच हँडल मारलंत तर ते उलटं मारेल.

विस्कॉन्सिनच्या व्ही आकाराच्या चार सिलिंडर इंजिनांनी अनेकांना चकवलं आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, पण मधलं अंतर ९०, १८०, २७०, १८० अंश. त्यामुळे आवाज लंगडाच येतो. तो ऐकून मिसफायरचा शोध घेण्यात वेळ घालवू नका.

साफसफाई

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायची पद्धत चांगली आहे, पण फक्त लोखंडासाठी. अ‍ॅल्युमिनियम त्यात खाल्लं जातं. इलेक्ट्रोड म्हणून स्टेनलेस स्टील तर मुळीच नको, विषारी क्रोमियम तयार होतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा. जुन्या हेड पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून सोलून काढा.

रंगाबद्दल मी जरा हट्टी आहे: मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो राहू द्यावा.

पहिल्यांदा सुरू करताना

कार्ब्युरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचं शेलॅक (लाखेचं वॉर्निश) इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये विरघळतं आणि फ्लोट बुडतो. गव्हर्नरचा (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाचा) दांडा हाताने ढकलून थ्रॉटल सहज पूर्ण बंद होतो का ते बघा, आणि इंजिन भरकटलं तर बंद करायला मॅग्नेटोची अर्थिंगची वायर हाताशी ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढा घालून नाही.