रेडिओवरून शोधा, स्ट्रीमिंगवर साठवा

स्ट्रीमिंग ॲप आपल्याच आवडीचं ताट पुन्हा पुन्हा वाढतं. खरोखर अनोळखी संगीत हवं असेल, तर शोध रेडिओवर घ्या.

१. ‘रेडिओ गार्डन’ हे जगभरची रेडिओ स्टेशनं ऐकवणारं ॲप उघडा. पृथ्वीच्या गोलावर हिरव्या ठिपक्यांत गावोगावची स्टेशनं दिसतात. तिथली वेळ बघून निवडा: आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा मालीतल्या बामाकोत दुपारचे चार. बातम्या लागल्या तर पुढे सरका. गाणी लागली तर वीस मिनिटं तरी थांबा. पहिल्या गाण्यावरून काहीच कळत नाही.

२. गाणं भावलं की लगेच ‘शझाम’ हे गाणं ओळखणारं ॲप लावा. निवेदक मध्येच बोलत असेल तर ते चुकू शकतं, म्हणून गाणं मोकळं वाजू लागल्यावर लावा. मैफलीचं थेट प्रक्षेपण सहसा ओळखलं जात नाही. तिथे शेवटी निवेदक सांगतो ते नाव कान देऊन ऐकायचं, कानावर पडेल तसं देवनागरीत टिपायचं.

३. मग स्ट्रीमिंगवर त्या कलाकाराचा अख्खा अल्बम ऐका.

सांभाळायचं ते मोबाइल डेटाला: १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट डेटा पाठवणारं) स्टेशन तासाला सुमारे ५८ एमबी खातं, आणि स्क्रीन बंद केली तरी वाजतच राहू शकतं. झोपण्यापूर्वी ॲप बंद करा.